पडद्यावरील मथळा आणि वक्त्याचे विधान

संशोधनाचे निष्कर्ष विद्वत्सभेपुढे मांडताना पडद्यावर स्लाइड दाखविण्याचा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की, स्लाइडची रचना हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे, याचेच विस्मरण होते. रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांनी सिद्ध केलेली पॉवरपॉइंट ही संगणकप्रणाली १९८७ साली प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आली व त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झाली. तिच्या कोऱ्या स्लाइडवर वर मथळ्याची आणि खाली मुद्द्यांच्या यादीची जागा आखलेली असते. अभ्यासक ती जागा निमूटपणे भरीत जातो आणि विचारास यादीचे रूप येते. यादीत गोष्टी एकीखाली एक येतात. परंतु त्यांतील कोणती कशाचे कारण आहे आणि कोणती कशास बाधक आहे, हे यादी सांगत नाही.

हा दोष किती गंभीर ठरू शकतो, हे 'कोलंबिया' या अमेरिकन अवकाशयानाच्या प्रकरणावरून दिसून आले. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी या आघाताविषयीचे आपले विवेचन स्लाइडच्या साह्याने नासाच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवले. त्यांतील एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता: उष्णतारोधक टाइल कितपत भेदली जाईल याचे अंदाज, पूर्वीच्या चाचण्या पाहता, प्रत्यक्षाहून अधिक हानी दाखविणारे आहेत, असा त्याचा आशय. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे व त्यांचेही उपमुद्दे होते. 'लक्षणीय' या अर्थाचा इंग्रजी शब्द, त्याच्या साधित रूपांसह, त्यांत पाच वेळा आला होता. सांख्यिकीय अर्थाने मात्र एकदाही नव्हे. अगदी तळाच्या ओळीत असे नमूद होते की, चाचणीतील तुकडा ३ घन इंचांचा होता आणि प्रस्तुत प्रसंगी विचारात घ्यावयाचे आकारमान १९२० घन इंच आहे. म्हणजे ६४० पट! ज्या चाचण्यांच्या बळावर मथळा धीर देत होता, त्यांच्या कक्षेत हा प्रसंग बसतच नव्हता. स्लाइडवरील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीस सर्वांत कनिष्ठ स्थान मिळाले होते.

१ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीच्या वातावरणात परतताना यान भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ मधील अहवालात एडवर्ड टफ्टी यांच्या विश्लेषणाच्या आधारे या स्लाइडची स्वतंत्र चर्चा केली. अर्थात दुर्घटनेचे खापर एका स्लाइडवर फोडणे अन्यायाचे होईल. मंडळानेही संस्थेच्या कार्यपद्धतीतील दोष विस्ताराने दाखविले आहेत. टफ्टी यांचा रोख पुष्कळसा प्रणालीवरच आहे. तो थोडा एकांगी वाटतो, कारण पूर्ण वाक्य लिहिण्यास प्रणाली कोणास मज्जाव करीत नाही.

पूर्ण वाक्य लिहावे, हाच मायकेल ॲली यांनी पुरस्कारिलेल्या पद्धतीचा गाभा होय. मथळ्याच्या जागी विषयाचे नाव न देता एक विधान द्यावे आणि त्याखाली मुद्द्यांऐवजी त्या विधानाचा दृश्य पुरावा ठेवावा. 'कोयना भूकंप : काही निरीक्षणे' या मथळ्याने श्रोत्याच्या हाती काहीच लागत नाही. 'कोयना जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर परिसरातील भूकंपांची वारंवारता वाढली' असे लिहिले, की खाली काय हवे ते आपोआप ठरते: पाण्याची पातळी आणि भूकंपांची संख्या एकाच कालरेषेवर दाखविणारा आलेख. शिवाय येथे 'नंतर' लिहावे की 'मुळे', याचा निर्णय अभ्यासकास करावाच लागतो. 'नंतर'ला आलेख पुरेसा आहे. 'मुळे' म्हणावयाचे तर पाण्याचा दाब खडकांतील भेगांपर्यंत कसा पोहोचतो, याचे विवेचन जोडले पाहिजे. मुद्द्यांच्या यादीत क्रियापद नसते; म्हणून ही अडचण तेथे झाकली जाते, आणि ती नेमकी मौखिक परीक्षेत उघडी पडते.

मजकूर जागेत मावेनासा झाला की प्रणाली अक्षरे आपोआप लहान करते. ही सोय घातक आहे, कारण अतिरेकाची सूचनाच त्यामुळे नाहीशी होते. देवनागरीत तर वेलांट्या, उकार व रफार यांमुळे ओळीस वरखाली अधिक जागा लागते आणि 'ष्ट्र', 'द्ध' यांसारखी जोडाक्षरे लहान आकारात केवळ ठिपक्यासारखी दिसतात. मराठी मजकुराच्या ओळी रोमनपेक्षा सुट्या ठेवाव्यात.

पडद्यावरचेच शब्द वाचून दाखविण्याच्या सवयीविषयी रिचर्ड मेयर यांचे प्रयोग उद्बोधक आहेत. चित्रासोबत नुसते निवेदन ऐकणाऱ्यांपेक्षा, तेच शब्द एकाच वेळी वाचणाऱ्या व ऐकणाऱ्यांचे आकलन साधारणतः उणे ठरले. सूत्रे आणि अपरिचित संज्ञा यांस हा नियम तितकासा लागू पडत नाही; त्या पडद्यावर असाव्यातच. जेथे केवळ युक्तिवाद ऐकवावयाचा आहे, तेथे पडदा रिता करावा. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असता 'बी' ही कळ दाबली की पडदा काळा होतो. परीक्षकाने मागील आलेख पुन्हा पाहू इच्छिल्यास सर्व स्लाइड उलट्या क्रमाने सरकवीत बसण्याचे कारण नाही. त्या स्लाइडचा क्रमांक टंकून 'एंटर' दाबणे पुरते. यासाठी क्रमांकांची यादी कागदावर जवळ असावी.

जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मराठी मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत परिवर्तित होतो. युनिकोड टंकातही संगणक बदलला की ओळी तुटण्याची जागा बदलते. म्हणून टंक फाइलमध्येच अंतर्भूत करावा, एक पीडीएफ प्रत सोबत ठेवावी आणि सभागृहातील संगणकावर, शेवटच्या रांगेत उभे राहून, प्रत्येक स्लाइड आदल्या दिवशी वाचून पाहावी.