प्रश्नातला फास

कापूस वेचून घरात आला, की फिरते व्यापारी गावात येतात. मानवत घ्या, सेलू घ्या, गंगाखेड घ्या. आपल्या परभणी जिल्ह्यात हे दरसाल चालते. व्यापारी ओसरीवर बसतो. पाणी पितो. पोराबाळांची चौकशी करतो. मग म्हणतो, "काय मामा, पैसे आत्ता रोख देऊ, का आठ दिवसांनी देऊ? रोख घेतले तर भाव जरा कमी पडेल बघा."

मामा विचारात पडतात. रोख घ्यावे का थांबावे? घरात विचारतात, बाहेर येतात. शेवटी रोख ठरते, आणि लगेच काटा टांगला जातो.

आता पाहा, काय झाले. कापूस विकायचा का नाही, हे मामांना कोणी विचारलेच नाही. विकायचा, असे व्यापाऱ्याने आपल्या मनाने धरून टाकले आणि पुढचा प्रश्न केला. मामांनी त्या पुढच्या प्रश्नाला उत्तर दिले. मागच्याला आपोआप होकार गेला.

अशा प्रश्नाला आम्ही फासाचा प्रश्न म्हणतो. तितरासाठी लावलेला फास गवतात दिसत नाही. दिसतो तो दाणा.

यावर तोड अवघड नाही. उत्तर द्यायच्या आधी, प्रश्नात काय धरून ठेवले आहे ते बाहेर काढायचे. "रोख-उधार मागून बघू. आधी भाव सांगा. मानवतच्या बाजारात आज काय भाव निघाला ते विचारतो. मग विकायचा का ते ठरवतो." एवढे बोलले, की बोलण्याचा कासरा आपल्या हातात येतो.

"बायकोला मारायचे सोडले का?" हा याच जातीचा जुना प्रश्न आहे. तो जगभर उदाहरण म्हणून सांगतात. हो म्हटले, तर आधी मारत होता. नाही म्हटले, तर अजून मारतो. ज्याने कधी हातच उगारला नाही, त्याने काय म्हणावे? त्याने हो आणि नाही दोन्ही सोडावे. "मी कधी मारलेच नाही. तुम्ही हे कशावरून धरले?" असे विचारावे.

कोर्टालाही ही खोड ठाऊक आहे. प्रश्नातच उत्तर सुचवले असेल, तर कायदा त्याला सूचक प्रश्न म्हणतो. वकिलाने आपल्याच साक्षीदाराला असे प्रश्न विचारले, तर समोरच्याला हरकत घेता येते. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही आहे. पण उलटतपासणीत असे प्रश्न चालतात. तेव्हा साक्षीला उभे राहाल तर भिऊ नका. "साहेब, याचे उत्तर नुसत्या हो-नाहीत होत नाही, मला सांगू द्या," असे न्यायाधीशांना म्हणावे.

आता दुसरा फास. हा जास्त वाईट, कारण तो मायेने लावलेला असतो.

मुलीचे लग्न काढले आहे. पैसे कमी पडतात. ओळखीचा सावकार द्यायला तयार आहे. तो स्टँपचा कागद पुढे सरकवतो. आपण म्हणतो, "जरा वाचून बघतो." तो एकदम उदास होतो. "दादा, इतक्या वर्षांचा घरोबा, अन् माझ्यावर विश्वास नाही का?"

गोष्ट होती कागदाची. ती आली विश्वासावर. आपण ओशाळतो आणि सही करतो. पुढे कळते, की तो कागद गहाणाचा नव्हता, खरेदीखत होते. जमीन गेली.

हे दुःख जुने आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्या रोख्यांत काय लिहिले आहे, हे किती जणांना वाचता येत होते? आज आपल्याला वाचता येते. मग विश्वासाचे नाव काढून कोणी वाचू देत नसेल, तर सांगावे, "विश्वास आहे म्हणून तर तुमच्या दारी आलो. पण कागद वाचूनच सही करीन. उद्या येतो."

या "उद्या येतो"ला फार किंमत आहे. सरळ माणूस म्हणतो, या. फास लावणारा म्हणतो, आत्ताच. सगळेच प्रश्न काही वाकडे नसतात. उगीच प्रत्येकावर संशय घेत बसू नये, त्यापेक्षा एक दिवस मागून बघावा.

सही होऊन गेली असेल तरी सारे संपले नाही. २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. कागद कोरा ठेवून सही घेणे हा गुन्हा आहे. सावकारीत १५ वर्षांच्या आत जमीन गेली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत खरे ठरले, तर ते जमीन परत देण्याचा हुकूम करू शकतात. त्यांचे कार्यालय परभणीला आहे. तालुक्याच्या गावी सहायक निबंधक असतात.

हल्ली फास फोनवरही येतो. पोलिसाचा वेष घातलेला माणूस फोनच्या पडद्यावर दिसतो. "तुमच्या आधारकार्डावर गुन्हा आहे. अटक करू, का पैसे भरून चौकशीला मदत करता?" पुन्हा दोन वाटा, आणि दोन्ही त्याच्याच. फोनवर अटक करायची असा कोणताही कायदा नाही. त्याला उत्तर देत बसू नये, फोन ठेवावा. पैसे गेलेच असतील, तर लाजून घरात बसू नये. ताबडतोब १९३० या नंबरावर कळवावे. लवकर कळवले, तर पैसे वाटेत अडवता येण्याची आशा असते.