तुटलेली शिरोरेषा

संगणकाच्या वर्गात मराठीच्या मास्तराचे काय काम, असे वाचक विचारतील. मीही तेच विचारले होते! पण आमच्या महाविद्यालयात वेब डिझाइन शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी मुलांना ग्रंथालयासाठी मराठी पाने करावयास दिली होती, आणि शुद्धलेखन तपासायला त्यांना माणूस हवा होता.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली. त्यानंतर कित्येक वर्षे हे शिक्षण म्हणजे ओळ न् ओळ हाताने लिहिणे. एचटीएमएलने मजकुराची चौकट बांधायची, सीएसएसने तिला रंगरूप द्यायचे. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी अवतरले. आता 'असे असे पान हवे' म्हणावे, की मिनिटात पान पुढ्यात!

पाने दिसायला झकास होती. मात्र एका मुलीच्या पानावर 'ग्रंथालय' या शब्दातली अक्षरे एकमेकांपासून फटकून उभी होती. डोक्यावरची रेघ जागोजागी तुटलेली.

"हे असं का?"

"एआयनं दिलंय तसंच आहे, सर."

तिने कृत्रिम बुद्धिमत्तेला दुरुस्ती सांगितली. तिकडून क्षमायाचना आली आणि टंक बदलला. रेघ तुटलेलीच. पुन्हा क्षमायाचना, या खेपेस रंग बदलला. (एवढा विनय आमच्या स्टाफरूममध्ये मी कधी पाहिला नाही.)

"बंद कर ते," सहकारी म्हणाले. "एकेक ओळ वाच, आणि ती काय करते ते मला सांग."

पोरगी रडवेली झाली. पण वाचू लागली, आणि बऱ्याच वेळाने एका ओळीशी थबकली. लेटर-स्पेसिंग! म्हणजे अक्षरांत अंतर सोडण्याची आज्ञा. रोमन अक्षरांच्या मथळ्याला ती शोभते. आपली अक्षरे पडली एका रेघेला लटकलेली. आज्ञा पुसली, रेघ सांधली.

खरी चूक तर पहिल्याच ओळीत होती. तिथे पानाची भाषा 'इंग्रजी' अशी नोंदलेली. डोळस माणसाला हे कळतही नाही. पण पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर उच्चारांसाठी या नोंदीचा आधार घेते. माझ्या वर्गातला एक अंध विद्यार्थी त्या ग्रंथालयाचा रोजचा वाचक. त्याला बोलावले. कान देऊन तो म्हणाला, "सर, पान गप्पच आहे की!"

म्हणून यंत्रावर बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. गाइडांतून उतरवलेले निबंध वर्षानुवर्षे तपासणाऱ्याला तो अधिकारही नाही. सहकाऱ्यांनी एवढेच केले, की यापुढे गुण तोंडी परीक्षेला: पान कुणाकडूनही करून घ्या, पण मी बोट ठेवीन त्या ओळीचा अर्थ सांगा. मुले आता यंत्रालाच 'मला प्रश्न विचार' म्हणून तयारी करतात.

परवा ती मुलगी ग्रंथालयात दिसली. शेजारी तो विद्यार्थी, कानाला इअरफोन लावलेला. हिच्या हातात वही.

"पुन्हा ऐक रे," ती म्हणत होती. "आता कुठं अडखळतंय?"