‘गवताच्या गंजीत सुई’ : हा वाक्प्रचार नेमका कधी वापरायचा?

‘नीडल इन अ हेस्टॅक’ हा इंग्रजी वाक्प्रचार ‘गवताच्या गंजीत सुई शोधणे’ या रूपात मराठीत इतका रुळला आहे, की तो बाहेरून आला हे लक्षातही येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात वैरणीची गंज गावोगावी दिसते, त्यामुळे तो समजावून सांगावा लागत नाही. वापरताना मात्र अनेकांची गफलत होते.

शोधायची वस्तू लहान, ढीग प्रचंड आणि ढिगातली प्रत्येक काडी सारखीच, असे असेल तर हा वाक्प्रचार बसतो. वस्तू त्या ढिगात आहे, हे यात गृहीत असते. थॉमस मोर यांनी १५३२ मध्ये कुरणात सुई शोधण्याची उपमा दिली होती. पुढे कुरणाच्या जागी गंज आली, सुई तीच राहिली.

आपल्याकडचे अलीकडचे चपखल उदाहरण कुणबी नोंदींचे. राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातील १ कोटी ७० लाखांहून अधिक जुनी कागदपत्रे तपासल्यावर ११,५३० कुणबी नोंदी मिळाल्याचे ऑक्टोबरअखेर जाहीर झाले. म्हणजे साधारण १५ हजार कागदांमागे एक!

अडचण केवळ ढिगाच्या आकाराची नव्हती. बरीच कागदपत्रे मोडीत, काही उर्दूत. मोडी लिहिताना आधी आडवी रेघ ओढतात आणि अक्षरे तिला टांगत जातात. शब्द सुटे ठेवण्याची रीत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अशा ओळींतून ‘कुणबी’ हा तीन अक्षरांचा शब्द वेचायचा, आणि मोडी वाचणारे मोजकेच. पणजोबांची नोंद सापडली आणि वंशावळ जुळली, तर त्या घरातील मुलांना ओबीसी प्रमाणपत्राची वाट मोकळी. शेजारच्या घराचे पान वाळवीने खाल्ले असेल, तर दाखवायला कागदच नाही.

नंतर समितीची व्याप्ती राज्यभर वाढली. कोल्हापूरच्या पुरालेखागारातही करवीर संस्थानची मोडी दफ्तरे आहेत. पण म्हणून हा वाक्प्रचार साऱ्या राज्याला सरसकट लावता येत नाही. विदर्भात कुणबी नोंदी मुबलक आहेत. तिथे सुई कसली, सुयांचा डबाच!

आता जवळचे वाक्प्रचार पाहू. ‘वाइल्ड गूज चेस’ म्हणजे हाती काहीच लागणार नाही असा पाठलाग. बनावट लॉटरीच्या लिंकमागे धावणारा गंजीत सुई शोधत नसतो, कारण तिथे सुईच नसते. ‘पोलिसांनी परिसर पिंजून काढला’ हे बातम्यांतले लाडके वाक्य. ते पिंजाऱ्याच्या कापूस पिंजण्यावरून आले. त्यात भर मेहनतीवर आहे. वस्तू सापडो वा न सापडो. अस्सल मराठी शब्द असल्याने आम्हाला तो अधिक आवडतो.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाने माखलेल्या गर्दीतून आपला माणूस हुडकणे, ही गंजीतली सुई. देवळाबाहेरच्या ढिगातून आपली कोल्हापुरी चप्पल हुडकणे, हेही चालेल. हातातल्याच मोबाइलचा टॉर्च लावून तोच मोबाइल सोफ्याखाली शोधणाऱ्याला मात्र गंजीची गरज नाही. त्याच्यासाठी ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ आहेच.