२३ ऑगस्टची ऑर्डर: अंतराळवीराचा ड्रेस
२०२३ मध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि २३ ऑगस्ट राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून जाहीर झाला. म्हणजे १५ ऑगस्टनंतर आठच दिवसांनी फॅन्सी ड्रेसची आणखी एक संधी!

चेंबूरच्या माझ्या दुकानात पहिल्या वर्षी मी कापड, फोम शीट, वेल्क्रो एवढाच खर्च धरला. शिलाईचे तास धरलेच नाहीत. ऑर्डर भरपूर, हातात शून्य! तुम्ही आधी तासाचा दर ठरवा, मगच किंमत सांगा.

कापड पांढरं घ्या. स्पेसवॉकचा सूट पांढरा असतो, कारण तो उन्हाची उष्णता परतवतो. हेल्मेट पुढून मोकळंच ठेवा, नाहीतर मूल घुसमटतं. दंडावर तिरंगा हवाच.

जुलैमध्येच एक नमुना शिवून दाखवा आणि अर्धे पैसे ॲडव्हान्स घ्या.