ड्रॉप अँड इन्सर्ट चॅनेल नकाशा

ड्रॉप अँड इन्सर्ट चॅनेल नकाशा हा उपग्रह मोडेममधील मल्टिप्लेक्सरचा एक तक्ता आहे. जमिनीवरील दूरध्वनी वाहिनीचा कोणता टाइमस्लॉट उपग्रह दुव्याच्या कोणत्या चॅनेलवर जाईल, हे तो ठरवतो. उपग्रहावरील बँडविड्थ भाड्याने घ्यावी लागते. त्यामुळे सहा संभाषणांसाठी संपूर्ण ई१ वाहिनी उपग्रहावर चढवणे परवडणारे नसते.

'''रचना'''

ई१ वाहिनीचा वेग २०४८ किलोबिट प्रतिसेकंद असतो. तिच्यात दर १२५ मायक्रोसेकंदांना एक चौकट येते. चौकटीत ० ते ३१ क्रमांकांचे ३२ टाइमस्लॉट असून प्रत्येकाच्या वाट्याला ६४ किलोबिट प्रतिसेकंद येतात. टाइमस्लॉट ० चौकटीची सुरुवात ओळखण्यासाठी राखीव असतो, तर १६ बहुधा संकेतनासाठी वापरतात.

निवडलेले टाइमस्लॉट उपग्रहाकडे पाठवणे म्हणजे 'ड्रॉप' आणि उपग्रहावरून आलेले चॅनेल वाहिनीत बसवणे म्हणजे 'इन्सर्ट'. ही नावे जमिनीवरील वाहिनीच्या बाजूने पाहून ठेवलेली असल्याने नवख्याला प्रथम उलटी वाटतात.

समजा, मुख्य केंद्राच्या ड्रॉप नकाशात टाइमस्लॉट ५ ते १० हे उपग्रह चॅनेल १ ते ६ ला जोडले. दूरच्या केंद्राचा इन्सर्ट नकाशा तेच चॅनेल आपल्या टाइमस्लॉट १ ते ६ मध्ये बसवू शकतो. दोन्हीकडचे टाइमस्लॉट सारखे असण्याची गरज नाही. उपग्रह चॅनेलांचा क्रम मात्र एकच हवा. येथे ३८४ किलोबिट प्रतिसेकंद माहिती जाते. इंटेलसॅटच्या आयबीएस पद्धतीत तिच्यावर १/१५ भार पडून वेग ४०९.६ होतो.

'''चुका व पडताळणी'''

नकाशा स्वतः उपग्रहावरून जात नाही. तो प्रत्येक केंद्रावर स्वतंत्रपणे भरावा लागतो. एका टोकाचा क्रम बदलला तरी मोडेम जुळलेलाच राहतो, बिट-त्रुटीचे प्रमाण चांगले दिसते, धोक्याचा दिवा लागत नाही. परंतु एका ग्राहकाचे बोलणे भलत्याच ग्राहकाच्या कानी पडते. म्हणून एकेका चॅनेलवर चाचणीचा स्वर सोडून तो पलीकडे अपेक्षित टाइमस्लॉटमध्येच निघतो का, हे दोन्ही दिशांनी तपासणे आवश्यक असते.

सर्वांत फसवी गोष्ट क्रमांकांची आहे. ई१ वाहिनीवरील दूरध्वनी चॅनेल १ ते १५ हे त्याच क्रमांकाच्या टाइमस्लॉटमध्ये असतात, पण चॅनेल १६ ते ३० हे टाइमस्लॉट १७ ते ३१ मध्ये. कागदावरचा '१६' तसाच नकाशात उतरवल्यास संभाषणाऐवजी संकेतनाचा टाइमस्लॉट उचलला जातो.

एकाच वाहिनीवर अनेक मोडेम साखळीने जोडलेले असतील, तर दोघांनी एकाच टाइमस्लॉटमध्ये इन्सर्ट करता कामा नये. पुढचा मोडेम मागच्याची माहिती पुसून टाकतो. चालू दुव्यावरील बदल ठरलेल्या वेळी दोन्हीकडे करतात. दूरच्या केंद्राचे नियंत्रण त्याच दुव्यावरील एखाद्या चॅनेलवरून होत असेल, तर तेथील नकाशा आधी बदलणे इष्ट ठरते.