केडगांवचें मुक्तिसदन : धर्मादायाला जमिनीचा आधार

शेतकऱ्याच्या भाषेंत बोलावयाचें तर धर्मादाय संस्था दोन प्रकारच्या असतात. कांहीं जिरायती आणि कांहीं बागायती. केवळ वर्गणीवर चालणारी संस्था जिरायती पिकाप्रमाणें होय. देणगीचा पाऊस वेळेवर पडला तर ती तरारते, न पडला तर करपते. उलटपक्षीं, जिच्या मालकीची जमीन आहे, जमिनींत विहीर आहे आणि त्या जमिनीवर राबणारे हात संस्थेंतलेच आहेत, तिला एखादें वर्ष कोरडें गेलें तरी तग धरतां येतो. हा भेद ज्यांनीं वेळींच ओळखला, त्यांत पंडिता रमाबाई यांची गणना केली पाहिजे.

रमाबाई संस्कृत पंडिता व स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांनीं शेतजमीन घेऊन फळबाग लावली, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाहीं. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून घरांतील स्त्रियांस संस्कृत शिकविलें. पुढें दक्षिणेंतील दुष्काळाच्या काळांत रमाबाईंचे आईवडील व वडील बहीण निवर्तलीं आणि त्या भावासह देशभर पायीं हिंडल्या. भूक म्हणजे काय, हें त्यांस कोणी सांगावें लागलें नाहीं.

१८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथून त्या अमेरिकेस गेल्या. बोस्टन येथें १८८७ सालीं त्यांच्या साह्यार्थ एक मंडळ स्थापन झालें व त्यानें दहा वर्षें मदत देण्याचें मान्य केलें. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. १८९३ सालीं सदनांतील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून मोठा वाद माजला आणि न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. म्हणजे परदेशची मदत मुदतीची, आणि घरचा पाठिंबा ओसरलेला, अशी स्थिति झाली. मुदत सरल्यावर संस्थेनें काय खावें, हा प्रश्न टाळण्याजोगा नव्हता.

त्यावर त्यांनीं जो उपाय योजिला तो शेतकऱ्यास सहज पटेल. पुण्याच्या पूर्वेस सुमारें ३४ मैलांवर, केडगांव येथें त्यांनीं सुमारें १०० एकर जमीन घेतली. हल्लीं हें गांव दौंड तालुक्यांत मोडतें. हा मुलूख पर्जन्यछायेचा. केवळ पावसावर तेथें फळबाग होणें नाहीं. म्हणून विहिरी खोदल्या आणि संत्री, लिंबें, आंबे यांची लागवड केली. विहिरीला पाणी असलें तर अशा कोरड्या हवेंत संत्र्या-लिंबांची झाडें चांगलीं येतात. शिवाय आगगाडीचें स्टेशन जवळ असल्यानें नाशवंत माल पुण्या-मुंबईच्या बाजारांत वेळेवर धाडण्याची सोय होती. कलमांस उत्पन्न येण्यास कित्येक वर्षें लागतात. तेव्हां मदत संपण्यापूर्वींच झाडें जमिनींत पडलीं पाहिजेत, हा हिशेब त्यामागें होता.

फळें हातीं येण्यापूर्वींच संकट आलें. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथें गेल्या व सुमारें ३०० निराधार मुली व स्त्रिया त्यांनीं आश्रयास आणल्या. त्याच सुमारास पुण्यांत प्लेगची सांथ होती, त्यामुळें शहरांतील सदनांत नव्या मुलींची भर घालण्यास सरकारी बंदी झाली. अशा वेळीं केडगांवची जमीन हाच आसरा ठरला. प्रथम तात्पुरते निवारे उभारले, मग पक्क्या इमारती झाल्या. १८९८ सालीं तेथें मुक्तिसदन रीतसर सुरू झालें. १८९९-१९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी शेंकडों मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

येथें हिशेब स्पष्ट सांगितला पाहिजे. शंभर एकरांच्या उत्पन्नावर दोन हजार माणसें पोसणें कोणासही साधणारें नाहीं. देशोदेशींच्या देणग्यांचा ओघ आला म्हणूनच तें निभलें. परंतु देणगीच्या पैशानें धान्य विकत मिळतें. राहण्यास जागा, पिण्यास पाणी आणि करण्यास काम हीं ऐन वेळीं विकत मिळत नाहींत. शेतीनें जें दिलें तें हेंच. मुली लिहिणें-वाचणें शिकत आणि त्याबरोबर शेतकाम, गुरांची निगा, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण, छापखाना अशा कामांतही तयार होत. रमाबाईंनीं मराठींत भाषांतर केलेलें बायबल येथील छापखान्यांतच छापलें गेलें व त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. मुलग्यांसाठीं, वृद्धांसाठीं व अंधांसाठीं निराळीं सदनें होतीं.

कारभार एकट्या रमाबाईंवर नव्हता. कन्या मनोरमाबाई शिक्षणाचें काम पाहत. मिनी एब्रम्स ही अमेरिकन बाई १८९८ पासून मदतीस होती. परंतु मनोरमाबाई १९२१ सालीं वारल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईही गेल्या. वारस अगोदर गेला असतां पुष्कळ संस्था बुडतात. ही टिकली आणि आजही केडगांवांत निराधार स्त्रिया व मुलें यांचें संगोपन करीत आहे. माणसें गेलीं तरी जमीन, पाणी, इमारती आणि कामाची घडी मागें राहिली होती.

मुक्तिसदन ही उघडपणें ख्रिस्ती संस्था होती व आहे. तेथें धर्मांतरें झालीं आणि त्यावर टीकाही झाली. त्या वादांत कोणाची बाजू कोणास पटेल हें ज्याचें त्यानें ठरवावें. मात्र संस्था टिकविण्याची जी रीत तेथें दिसते ती कोणत्याही पंथाच्या मठास, आश्रमास वा वसतिगृहास लागू आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण सुगीला अशा संस्थांस धान्य देतात. कोणी जमीनही देतात. त्यांनीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, जमिनीबरोबर पाण्याची सोय आहे काय. नसल्यास धान्याच्या पोत्यांपेक्षां विहिरीच्या कामास हातभार लावणें अधिक उपयोगाचें. दुसरी, आश्रयास आलेल्या मुलामुलींस व स्त्रियांस मजुरासारखें केवळ राबविलें जातें, कीं पुढें स्वतःच्या पायांवर उभें राहतां येईल असें काम शिकविलें जातें. तिसरी, संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे काय व तिचे हिशेब दरसाल तपासले जातात काय. १९५० च्या कायद्यान्वयें महाराष्ट्रांत अशा न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते; दिलेली जमीन परस्पर विकली जाऊं नये म्हणून दात्यास हा एक आधार आहे.

दुष्काळ आल्यावर विहीर खणण्यास निघणारा उशीर करतो, हें आपणांस शेतांत ठाऊक आहे. धर्मादायाच्या कामांतही तोच नियम लागू पडतो.