सांध्यांची गोष्ट : रक्त गाळून आमवात जातो का?

गेल्या आठवड्यात टीएनएफच्या इंजेक्शनांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ती आज नाहीत. इस्लामपूरहून एका वाचकांचं पत्र आलं आणि त्याचं उत्तर चार ओळींत उरकण्यासारखं नाही. त्यांच्या पत्नीला बऱ्याच वर्षांपासून आमवात आहे, आर.ए. फॅक्टर चांगलाच वाढलेला. ते विचारतात, "किडनीच्या पेशंटचं रक्त मशीनवर शुद्ध करतात, तसं आमवाताचं विष गाळून काढता येणार नाही का? गोळ्यांपासून तरी तिची सुटका होईल."

हा प्रश्न भाबडा मुळीच नाही. नावाजलेल्या संधिवाततज्ज्ञांनी त्यावर वर्षं घालवली आहेत. अमेरिकेत तर असं एक साधन सरकारी मंजुरी मिळवून बाजारातही आलं होतं.

डायलिसिस आधी बाजूला ठेवू. आमवातात गाळायचं 'विष' म्हणजे आर.ए. फॅक्टरसारख्या अँटिबॉडी. युरियाचा रेणू ६० डाल्टनचा, अँटिबॉडीचा दीड लाखाचा. डायलिसिसच्या पडद्यातून युरिया सहज पलीकडे जातो, अँटिबॉडी अलीकडेच राहते. ती काढायची तर रक्तातून अख्खा प्लाझ्माच वेगळा करावा लागतो. ते काम मी रक्तपेढीत नोकरीला असताना रोज पाहिलं आहे. एका हातातून रक्त मशीनमध्ये येतं आणि तिथे गरगर फिरतं. जड तांबड्या पेशी कडेला जातात आणि गवती पिवळा प्लाझ्मा वेगळ्या नळीतून पिशवीत उतरू लागतो. रक्त गोठू नये म्हणून सोडलेलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यामुळे थोड्या वेळाने माणूस म्हणतो, "ओठांना मुंग्या आल्यात." मग कॅल्शियम द्यायचं, मशीनचा वेग थोडा कमी करायचा. आमवाताच्या रुग्णांत आणखी एक अडचण असते. वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलेल्यांची कातडी पातळ झालेली असते आणि शिरा नाजूक. जाड सुई टिकत नाही, आणि गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालायची तर जंतुसंसर्गाची धास्ती.

हा प्लाझ्मा काढून टाकून आमवात हटतो का, हे कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. १९८३ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेतले आकडे छान उतरले, आर.ए. फॅक्टरसुद्धा खाली आला. रुग्णाचे सांधे मात्र होते तसेच राहिले. रिपोर्ट सुधारला आणि माणूस नाही, हे या आजारात पदोपदी दिसतं.

असं का व्हावं? आयजीजी जातीच्या अँटिबॉडींपैकी निम्म्याच्या आसपास रक्तात असतात, बाकीच्या ऊतींमध्ये. रक्तातल्या काढल्या की दोनेक दिवसांत बाहेरच्या आत झिरपतात. आणि ज्या पेशी अँटिबॉडी तयार करतात त्यांतल्या कित्येक तर सुजलेल्या सांध्याच्या अस्तरातच ठाण मांडून बसलेल्या असतात. नळ चालू ठेवून मोरी पुसावी, तसं हे काम.

तरीही गोष्ट इथे संपली नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूच्या अंगावर 'प्रोटीन ए' नावाचं प्रथिन असतं. अँटिबॉडीला ते शेपटाकडून पकडतं, त्यामुळे तिचं जंतू पकडणारं तोंड भलतीकडे राहतं. जंतूची ही युक्ती माणसाने उचलली. सिलिकाच्या कणांवर सुमारे २०० मिलिग्रॅम प्रोटीन ए बसवून एक छोटा स्तंभ तयार केला, त्याचं नाव प्रोसॉर्बा. प्लाझ्मा फेकून द्यायचा नाही, या स्तंभातून नेऊन रुग्णाला परत द्यायचा. प्लेटलेट कमी होण्याच्या एका आजारासाठी त्याला १९८७ मध्ये मंजुरी होती. आमवातासाठी ती १९९९ मध्ये मिळाली.

ज्या चाचणीवर ती मिळाली, तिच्यावर माझा फार जीव आहे. बोस्टनचे डेव्हिड फेल्सन तिचे प्रमुख. आमवातात 'सुधारणा' कशाला म्हणायचं याची व्याख्या बांधणाऱ्यांतही तेच पुढे होते. सुजलेले सांधे किमान २० टक्क्यांनी कमी, दुखरे सांधेही तितकेच कमी, आणि शिवाय वेदना, हालचाल, सूज दाखवणारी रक्ततपासणी अशा पाचपैकी तीन गोष्टींत तेवढीच सुधारणा. म्हणजे वीस सुजलेल्या सांध्यांचे सोळा झाले तरी सुजेच्या अटीत माणूस पास.

चाचणीतले रुग्ण जुनाट दुखण्याचे होते. आजार सरासरी १५ वर्षांवर मुरलेला, चार-चार औषधं वापरून झालेली. दर आठवड्याला एक असे १२ उपचार. निम्म्या लोकांचा प्लाझ्मा स्तंभातून जायचा. उरलेल्यांना त्याच मशीनला जोडायचं, रक्त काढायचं, प्लाझ्मा वेगळा करायचा आणि स्तंभ टाळून तसाच परत द्यायचा. आपल्या वाट्याला काय आलं हे रुग्णाला माहीत नाही, सांधे दाबून पाहणाऱ्या डॉक्टरांनाही नाही.

गोळीची नक्कल करणं सोपं, साखरेची गोळी दिली की झालं. मशीनची नक्कल करायची तर खरी सुई टोचावी लागते आणि खरे तास घालवावे लागतात. एवढे कष्ट कशासाठी? मशीनचा स्वतःचाच मनावर मोठा पगडा असतो म्हणून. आपलं रक्त डोळ्यांसमोर बाहेर जातंय आणि 'स्वच्छ' होऊन परत येतंय, यावर कोणाचा विश्वास बसणार नाही? शिवाय माणूस अशा उपचाराला तयार होतो तो दुखणं अगदी टोकाला गेल्यावर, आणि आमवात स्वभावानेच चढ-उताराचा. टोकानंतर काहींना उतार पडणारच, मशीन असो वा नसो.

निकाल असा लागला. खरा उपचार मिळालेल्या ४७ जणांपैकी १५ सुधारले, नकली मिळालेल्या ४४ पैकी ५. फरक पुरेसा वाटल्याने देखरेख समितीने चाचणी वेळेआधीच थांबवली. स्तंभ काम करत होता, यात शंका नाही. पण नकली उपचारावर सुधारलेले ते पाच जण मला विसरता येत नाहीत. त्यांतल्या कोणी गावी जाऊन "मशीनने मला बरं केलं" असं सांगितलं असतं, तर ते खोटं बोलणं ठरलं नसतं.

याच चाचणीतली आणखी एक नोंद आपल्याकडे सगळ्यांनी वाचायला हवी. उपचारानंतर सांधे थोड्या काळासाठी जास्त दुखणं, जास्त सुजणं हा त्रास बहुतेकांना एकदा तरी झाला, आणि तो दोन्ही गटांत झाला. "आधी दुखणं उफाळतं, म्हणजे औषध लागू पडतंय" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. इथे स्तंभ न मिळालेल्यांचंही दुखणं उफाळलंच होतं.

आता कोडं. २०० मिलिग्रॅम प्रोटीन ए फार तर एक-दीड ग्रॅम अँटिबॉडी धरून ठेवू शकेल. शरीरातला साठा पन्नास ग्रॅमच्या पुढे. त्यातून एवढंसं काढल्याने गुण कसा यावा? गाळणं हे स्तंभाचं खरं काम नसावंच. प्रोटीन एचा किंचित अंश प्लाझ्माबरोबर शरीरात जातो आणि अँटिबॉडी तयार करणाऱ्या बी पेशींच्या काही घराण्यांना आत्मनाशाकडे ढकलतो, असा एक विचार पुढे आला. मला तोच पटतो. तसं असेल तर या गाळणीने औषधासारखंच काम केलं.

पुढे प्रोसॉर्बा मागे पडला. टीएनएफला रोखणारं इटानरसेप्ट १९९८ च्या अखेरीस आलं होतंच, १९९९ मध्ये त्याच गटातलं इन्फ्लिक्सिमॅब आमवातासाठी मंजूर झालं. इटानरसेप्टसारखं घरी टोचायचं इंजेक्शन हाताशी असताना दर आठवड्याला दोन-दोन तास मशीनला कोण जोडून घेईल? काही वर्षांत स्तंभाचं उत्पादनच बंद झालं.

तेव्हा इस्लामपूरच्या वाचकांना माझं उत्तर असं. गियाँ-बारे किंवा मायस्थेनिया अशा आजारांत प्लाझ्मा बदलणं जीव वाचवतं, तिथे मागेपुढे पाहू नये. आमवाताच्या नेहमीच्या उपचारांत त्याला आज जागा नाही. कोणी 'रक्तशुद्धीचं पॅकेज' सुचवलं तर दोनच प्रश्न विचारा : नकली उपचाराशी तुलना केली आहे का, आणि सांधे कोणी मोजले? वहिनींच्या गोळ्यांत मेथोट्रेक्सेट असेल, तर ते तज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही आठवडा थांबवू नका. थांबल्यावर आजार पुन्हा भडकला, तर झिजलेलं हाड भरून येत नाही.

टीएनएफची इंजेक्शनं पुढच्या आठवड्यात. ज्यांना ती सुचवली गेली आहेत त्यांनी प्रश्न जरूर पाठवावेत, आणि टीबीची तपासणी झाली आहे की नाही हेही त्यात लिहावं, कारण सुरुवात मी तिथूनच करणार आहे.